वेढ्यातल्या शहराने घडवलेला वैद्य

चीनमधील पारंपरिक औषधांच्या दुकानांत आठ वनस्पतींचा एक काढा साडेसातशे वर्षांहून अधिक काळ बांधून दिला जात आहे. 'बूझोंग यीची थांग' हे त्याचे नाव. मध्याला बळ देणारा आणि 'ची' म्हणजे प्राणशक्ती वाढविणारा काढा, असा त्याचा शब्दशः अर्थ. भूक मंदावणे, तोंडाची चव जाणे, जेवणानंतर पोट जड होणे, दीर्घकाळ पातळ शौचास होणे आणि थोड्याशा श्रमानेही गळून जाणे अशा तक्रारींवर तो दिला जातो. कोरिया आणि जपान या देशांनीही तो आपलासा केला. नाव ऐकून हा एखाद्या निवांत आश्रमात सिद्ध झालेला काढा असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्याचा उगम उपासमार, युद्ध आणि महासाथीने उद्ध्वस्त झालेल्या एका राजधानीत आहे. त्याचा कर्ता ली गाओ, अर्थात ली दोंगयुआन. वैद्यकीचा व्यवसाय करण्याची त्याला गरज नव्हती आणि तरुणपणी तशी त्याची इच्छाही नव्हती.

ली दोंगयुआनचा जन्म इ. स. ११८० मध्ये उत्तर चीनमधील झेनडिंग येथे झाला. आजच्या हपेई प्रांतातील झेंगडिंग ते हेच. त्या काळी उत्तर चीनवर जुर्चेन वंशीय जिन घराण्याचे राज्य होते. लीचे घराणे त्या परिसरातील अत्यंत श्रीमंत घराण्यांपैकी एक होते. मूळ नाव गाओ. झेनडिंग परिसराच्या दोंगयुआन या प्राचीन नावावरून त्याने पुढे स्वतःला 'दोंगयुआनचा वृद्ध' म्हणवून घेतले आणि वैद्यकाच्या इतिहासात तो त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

धनिकाघरच्या मुलांना लागणाऱ्या व्यसनांपासून तो दूर राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. एका मेजवानीत मित्रांनी थट्टेने एका गणिकेला त्याच्याशी लगट करावयास लावले, तेव्हा त्याने अंगावरचे वस्त्र काढून जाळून टाकले, अशी आख्यायिका आहे. स्वभावाने तो गंभीर, मितभाषी आणि काहीसा ताठ होता. घराजवळच्या मोकळ्या जागेत त्याने विद्वानांसाठी अभ्यासगृह बांधले, गरजूंना खर्चाला पैसे दिले आणि दुष्काळ पडला तेव्हा धान्य व पैसा देऊन अनेकांना जगविले. भुकेलेल्या माणसांशी त्याचा हा पहिला संबंध. पुढे त्याच्या विचाराचा केंद्रबिंदू हीच भूक ठरली.

त्याच्या आयुष्याला वळण लागले ते आईच्या आजारपणाने. घरात पैशाची कमतरता नव्हती, त्यामुळे गावोगावचे वैद्य बोलावले गेले. एकाने आजार उष्ण ठरविला, तर दुसऱ्याने शीत. एकाचे औषध दुसऱ्याच्या औषधाला छेद देत होते. अखेर आई गेली. तिला नेमका कोणता आजार झाला होता, हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. आपल्याला वैद्यक कळत नसल्याने आई गमवावी लागली, ही खंत त्या तरुणाच्या मनात घर करून राहिली. योग्य गुरू मिळाल्यास हे शास्त्र शिकून या चुकीची भरपाई करायची, असा निश्चय त्याने केला.

तो गुरू मिळाला यीशुई येथे, घरापासून चारशेहून अधिक ली अंतरावर. झांग युआनसू हे त्याचे नाव. झांगने सत्ताविसाव्या वर्षी राजसेवेची परीक्षा दिली होती. उत्तरपत्रिकेत निषिद्ध मानलेले राजनामाचे अक्षर लिहिले गेल्याने तो नापास झाला आणि वैद्यकाकडे वळला. त्याचा काळ तयार पाठांचा होता. सोंग घराण्याच्या काळात सरकारी औषधालयाने सिद्ध औषधांचे पाठ एकत्र करून प्रसिद्ध केले होते आणि बहुतेक वैद्य लक्षण पाहून त्यातला एखादा पाठ देऊन मोकळे होत. झांगला हे मान्य नव्हते. काळ बदलला, हवामान बदलले, माणसे बदलली, मग जुने पाठ नव्या रोगांना जसेच्या तसे कसे लागू पडतील, असा त्याचा रोकडा प्रश्न होता. ली दोंगयुआनने मोठी दक्षिणा देऊन त्याचे शिष्यत्व पत्करले. ही दक्षिणा सहस्र सुवर्णांची होती, असे युआन घराण्याच्या इतिहासग्रंथात नमूद आहे. काही वर्षांतच गुरूची सारी विद्या त्याने आत्मसात केली.

गुरूकडून मिळालेल्या औषधांत पोटासाठीची एक साधी गोळी होती. तिचे नाव 'झीझू वान'. झीशी म्हणजे कच्च्या कडू संत्र्याचे वाळवलेले फळ. ते पोटात साचलेले अन्न पुढे ढकलते. बाइझू हे मूळ पचनशक्तीला आधार देते. या गोळीत ढकलणारे औषध एक भाग आणि आधार देणारे दोन भाग असे प्रमाण होते. कमळाच्या पानात भाजलेल्या भातात हे चूर्ण मळून गोळ्या वळल्या जात. अपचनावर तीव्र रेचके देऊ नयेत, त्याने अन्नाबरोबर शक्तीही वाहून जाते, हा धडा गुरूने या गोळीतून दिला होता. कमळाचे पानच का, याचा अर्थ मात्र शिष्याला तेव्हा उमगला नाही. तो म्हातारपणी कळला, अशी कबुली त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात देऊन ठेवली आहे. पाण्यातून वर येणाऱ्या त्या हिरव्या पानात त्याला शरीरातील ऊर्ध्वगामी शक्तीचे रूप दिसले. त्याच्या पुढच्या साऱ्या चिकित्सेचे हेच सूत्र ठरले.

विद्या शिकूनही लीने वैद्यकीचा व्यवसाय सुरू केला नाही. घराण्याच्या प्रतिष्ठेनुसार त्याने धान्य व पैसा भरून सरकारी पद मिळविले आणि हनान प्रांतातील जीयुआन येथे कर-अधिकारी म्हणून तो रुजू झाला. इ. स. १२०२ मध्ये त्या भागात एक भयंकर साथ आली. रुग्णाला आधी थंडी वाजे, अंग जड होई, मग चेहरा आणि डोके एवढे सुजे की डोळे उघडत नसत. घसा दुखे, श्वास लागे. लोकांनी तिला 'मोठ्या डोक्याची साथ' असे नाव दिले होते. नातलगही एकमेकांच्या घरी जाईनासे झाले. वैद्य तीव्र रेचके देत. त्याने क्षणभर बरे वाटे आणि आजार पुन्हा उसळे. रोगाचे ठाणे वर, डोक्यात व छातीत असताना खाली पोट रिकामे करून काय साधणार, असा विचार लीने केला. त्याने वेगळा पाठ योजला. एका अधिकाऱ्याला त्याने गुण आला, तेव्हा लीने तो लाकडी फळ्यांवर कोरून वर्दळीच्या ठिकाणी लावला. पाठ गुप्त ठेवून पैसा करण्याच्या त्या काळात ही गोष्ट विरळा होती. लोकांना तो कोण्या सिद्धपुरुषाचा प्रसाद वाटला आणि त्यांनी तो दगडावर कोरून ठेवला, असे सांगतात. तेव्हा ली अवघा बावीस वर्षांचा होता.

तरीही तो वैद्य म्हणून ओळखला जात नव्हता. स्वभाव करारी आणि घराणे थोर असल्याने साध्या आजारासाठी त्याला बोलावण्याचे धाडस कोणी करीत नसे. सगळे उपाय हरले की त्याच्याकडे धाव घेतली जाई. अशा प्रसंगांपैकी एक बोलका आहे. फेंग नावाच्या गृहस्थाचा पंधरा-सोळा वर्षांचा पुतण्या तापाने आजारी होता. डोळे लाल, तहान अनावर, नाडी एका श्वासात सात-आठ वेळा उडणारी. वैद्याने उष्णतेचे निदान करून तीव्र रेचक सिद्ध केले होते. ते पोटात जाण्यापूर्वी ली तेथे पोहोचला. नाडी पाहून तो हादरला. बोट टेकताच वेगाने उडणारी नाडी दाबल्यावर पोकळ लागत होती. वरवर दिसणाऱ्या उष्णतेखाली शरीर आतून थंड पडत चालले होते. रेचक दिले असते तर मुलगा हाती लागला नसता. लीने सुंठ आणि बचनागाच्या जातीचे शुद्ध केलेले मूळ यांचा उष्ण काढा मागविला. तो तयार होईपर्यंत मुलाची नखे निळी पडली होती. काढा दिल्यावर घाम सुटला आणि मुलगा वाचला. ताप दिसला म्हणून उष्णता समजू नये, हे लीचे पुढचे सूत्र या हकिगतीत स्पष्ट दिसते.

इकडे देशाची घडी विसकटत होती. उत्तरेकडून मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. इ. स. १२१४ मध्ये जिन सम्राटाने आपली राजधानी दक्षिणेकडे, पीत नदीकाठच्या काइफेंग शहरात हलविली. जन्मभूमी युद्धाच्या वणव्यात सापडल्याने लीही आश्रयासाठी काइफेंगला आला. तेथे उच्चपदस्थांच्या घरी उपचारासाठी त्याचे जाणे-येणे सुरू झाले आणि वैद्य म्हणून त्याची कीर्ती पसरली.

इ. स. १२३२ च्या वसंतात सेनापती सुबुताईच्या नेतृत्वाखाली मंगोल सैन्य काइफेंगच्या तटाला भिडले. आसपासच्या प्रदेशातून पळून आलेल्या लोकांनी शहर आधीच तुडुंब भरले होते. सुमारे पंधरवडाभर घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंनी दगडफेकी यंत्रे आणि स्फोटक दारूचा वापर झाला. वाटाघाटी होऊन हल्ला थांबला खरा, परंतु खरे संकट त्यानंतर आले. वेढा सैल होताच शहरात साथ उसळली. लीने लिहून ठेवल्यानुसार निरोगी माणूस सापडणे दुर्मीळ झाले होते. शहराच्या बारा वेशींपैकी प्रत्येक वेशीतून रोज हजार ते दोन हजार प्रेते बाहेर पडत होती आणि हे जवळपास तीन महिने चालले. जिन घराण्याच्या अधिकृत इतिहासात पन्नास दिवसांत नऊ लाखांवर प्रेते बाहेर गेल्याची नोंद आहे. ज्यांना पुरणेही परवडले नाही, असे गरीब त्यात धरलेले नाहीत. ही साथ नेमकी कशाची होती, याविषयी आजही एकमत नाही. काही इतिहासकारांनी ती प्लेगची असावी, असे मत मांडले आहे.

ली तेव्हा बावन्न वर्षांचा होता. तो या मृत्युतांडवाचा केवळ साक्षीदार नव्हता, तर आपल्या व्यवसायबंधूंचे उपचारही तो बारकाईने पाहत होता. चिनी वैद्यकात तापाचा विचार दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या झांग झोंगजिंगच्या ग्रंथाच्या आधारे केला जाई. बाहेरची थंडी शरीरात शिरते आणि ताप येतो. ती घाम काढून किंवा पोट साफ करून बाहेर घालवायची, असा त्यातला सर्वपरिचित मार्ग. काइफेंगच्या वैद्यांनी तोच अवलंबिला. कोणी घाम आणणारी औषधे दिली, कोणी जमालगोटा, कोणी तीव्र रेचकांचे काढे. त्यातून छाती आवळून आली, कावीळ झाली, म्हणून आणखी तीव्र औषधे दिली गेली. आरंभी जो आजार प्राणघातक नव्हता, तो उपचारांनी प्राणघातक झाला, या निष्कर्षाला ली आला.

त्याचे म्हणणे असे होते की, या माणसांवर बाहेरून एखादा रोग चालून आलेला नाही. कित्येक महिने त्यांना वेळेवर आणि पुरेसे अन्न मिळालेले नाही. भीती, शोक, थंडी-उन्हाचे हाल आणि अविश्रांत श्रम यांनी त्यांच्या पचनसंस्थेतील शक्तीच संपली आहे. वेढा उठल्यावर त्यांनी अधाशासारखे पोटभर खाल्ले आणि झिजलेल्या जठराला ते पेलले नाही. हे आतून झालेले नुकसान आहे. अशा शरीराला घाम काढून वा जुलाब देऊन आणखी रिते करणे म्हणजे मरणाच्या वाटेवर ढकलणे होय. असे काइफेंगपुरतेच घडले, असेही नाही. त्यापूर्वी दोंगपिंग, थाइयुआन आणि फेंगश्यांग या शहरांचे वेढे उठल्यानंतरही माणसे अशीच मेली होती, याकडे त्याने लक्ष वेधले. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास जीव धोक्यात येतो, हे विसाव्या शतकातील महायुद्धांनंतर आधुनिक वैद्यकानेही सविस्तर नोंदविले. काइफेंगची साथ संसर्गजन्य होती, असे मानले तरी खंगलेल्या रुग्णांना रेचके देण्याविरुद्धचा लीचा इशारा त्यामुळे खोटा ठरत नाही.

केवळ इशारा देऊन तो थांबला नाही. आतला आजार आणि बाहेरचा आजार वेगळे ओळखण्यासाठी त्याने रुग्णाच्या खाटेपाशी तपासता येतील अशा खुणा लिहून काढल्या. बाहेरून आलेल्या तापात हाताची पाठ तळव्यापेक्षा अधिक गरम लागते. आतून खंगलेल्या माणसाचा तळवा पाठीपेक्षा गरम असतो. बाहेरच्या थंडीने कापणारा रुग्ण कितीही पांघरुणे घातली तरी कापतच राहतो. आतून दुबळा झालेला रुग्ण उबदार कपडे मिळताच शांत होतो. पहिल्याचा आवाज जड आणि जोरकस असतो, दुसऱ्याला बोलण्याचाच कंटाळा येतो. पहिल्याला जेवावेसे वाटत नाही, पण चव कळते. दुसऱ्याच्या जिभेची चवच गेलेली असते. उपकरणे नसलेल्या त्या काळात गोंधळलेल्या वैद्याच्या हाती दिलेली ही कसोटी होती. आईच्या उशाशी जमलेल्या वैद्यांकडे नेमकी तिचीच उणीव होती.

या निदानातून 'बूझोंग यीची थांग' हा काढा सिद्ध झाला. त्यात हुआंगछी हे मुख्य मूळ. जोडीला जिनसेंग, ज्येष्ठमध आणि गुरूच्या गोळीतले बाइझू पचनशक्तीला आधार देण्यासाठी. रक्ताचे पोषण करणारी दांगग्वी, आणि जड औषधांनी पोट फुगू नये म्हणून संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली जुनी साल. शेवटी शेंगमा आणि चायहू या दोन वनस्पती अगदी अल्प प्रमाणात, खचलेल्या शक्तीला वर उचलण्यासाठी. कमळाच्या पानातून उमगलेला अर्थ तो हाच. मात्राही पाहण्यासारखी आहे. मुख्य औषध हुआंगछी पाच फेन, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दोन ग्रॅम आणि बाकीची बहुतेक त्याहून कमी. दोन पेले पाण्यात उकळून एक पेला उरवायचा, गाळायचा आणि जेवणापासून दूरच्या वेळी कोमट घ्यायचा. ज्याचे जठर भाताची पेजही पेलू शकत नाही, त्याच्यावर औषधाचेही ओझे नको, हा विचार त्या लहान मात्रेमागे होता. तापलेल्या रुग्णाला गोड आणि उष्ण औषधे देऊन ताप उतरविण्याची ही कल्पना तत्कालीन वैद्यांना उलटी वाटली असल्यास नवल नाही.

इ. स. १२३३ मध्ये काइफेंग पडले आणि पुढच्या वर्षी जिन घराणे संपले. ली शरणार्थी म्हणून शहराबाहेर पडला. त्याच्या सोबत होता त्या काळातील थोर कवी युआन हाओवेन. शानडोंगमधील ल्याओचेंग आणि दोंगपिंग येथे दोघांनी सहा वर्षे एकमेकांच्या सहवासात काढली आणि पुढे या कवीने लीच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. इ. स. १२४४ मध्ये ली आपल्या झेनडिंगला परतला, तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. वेढ्याच्या अनुभवांचे टिपण त्याच्याजवळ तसेच पडून होते. थकल्यामुळे ते पुरे करण्याची उमेद उरली नव्हती. अखेर एका स्नेह्याच्या आग्रहामुळे, सुमारे सोळा वर्षांनंतर, इ. स. १२४७ मध्ये आतल्या व बाहेरच्या आजारांतील भेदाविषयीचा त्याचा ग्रंथ पूर्ण झाला. त्यानंतर इ. स. १२४९ मध्ये प्लीहा आणि जठर यांवरील 'पीवेई लुन' हा त्याचा सर्वाधिक प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. चिनी वैद्यकात ही दोन नावे केवळ अवयवांची नाहीत. अन्नाचे शरीरशक्तीत रूपांतर करणारी संपूर्ण व्यवस्था त्यात अभिप्रेत असते. ती ढासळली की शेकडो आजार उद्भवतात, हे या ग्रंथाचे सार.

आता त्याला चिंता होती ती विद्या पुढे देण्याची. एका परिचिताने लुओ त्यानयी नावाचा तरुण त्याच्याकडे आणला. वैद्यक शिकून पैसा मिळवायचा आहे की ही विद्या पुढे चालवायची आहे, एवढेच लीने त्याला विचारले. विद्या पुढे चालवायची आहे, असे उत्तर येताच त्याने शिष्याच्या रोजच्या जेवणाखाण्याचा भार स्वतः उचलला. तीन वर्षे टिकून राहिल्याबद्दल त्याने शिष्याला वीस ल्यांग चांदी दिली. घरच्यांच्या पोटापाण्याच्या काळजीने त्याने शिक्षण अर्धवट सोडू नये, हा हेतू. ज्याने स्वतः सहस्र सुवर्णे मोजून विद्या मिळविली, त्याने ती देताना मात्र शिष्यालाच पैसे दिले. इ. स. १२५१ मध्ये मृत्यू जवळ आला, तेव्हा लीने आपली सारी हस्तलिखिते क्रमाने लावून लुओच्या स्वाधीन केली. ती गुरूसाठी नाहीत, शिष्यासाठीही नाहीत, पुढच्या पिढ्यांसाठी आहेत, हे त्याला बजावले आणि डोळे मिटले. लुओने विश्वास सार्थ केला. गुरूचे राहिलेले लेखन त्याने इ. स. १२७६ मध्ये प्रकाशात आणले.

लीचे नाव पुढे जिन व युआन काळातील चार महान वैद्यांत घेतले जाऊ लागले. त्या चौघांत एकमत मुळीच नव्हते. ल्यू वानसूने शीत औषधांवर भर दिला, झांग त्सोंगझेंगने ओकारी, घाम आणि जुलाब यांवर, तर झू दानशीने शरीरातील आर्द्रता जपण्यावर. लीच्या मतालाही पुढे मर्यादा दाखविल्या गेल्या. अठराव्या शतकात ये त्यानशी या वैद्याने लीचे उष्ण, उचलणारे उपाय प्लीहेला मानवतात, परंतु कोरड्या पडलेल्या जठराला मानवत नाहीत, असे दाखवून त्यात भर घातली. जपानमध्ये सोळाव्या शतकात ताशिरो सांकी आणि मानासे दोसान यांनी ली व झू यांची परंपरा रुजविली. लीचा काढा तेथे 'होच्यू एक्कीतो' या नावाने ओळखला जातो आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यातून मिळणाऱ्या औषधांत त्याचा समावेश आहे. मात्र, सौम्य म्हणून तो कोणीही, केव्हाही घ्यावा असा नाही. त्यातील ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढू शकतो आणि शरीरातील पोटॅशियम घटू शकते, हे आता ज्ञात आहे. रुग्ण न पाहता पाठ देऊ नये, ही तर खुद्द लीच्या गुरूचीच शिकवण होती.

लीच्या 'ची' आणि प्लीहेविषयीच्या सिद्धान्ताची भाषा आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही. परंतु रोगाशी लढण्याआधी रुग्णाच्या अंगात किती बळ उरले आहे ते पाहावे, तो काय खाऊन, काय सोसून येथवर आला ते विचारावे आणि मगच औषधाला हात घालावा, हा त्याचा आग्रह कोणत्याही वैद्यकाला परका नाही. एका आईच्या आणि एका शहराच्या मरणातून त्याने तो मिळविला होता.